तुमच्या प्रबंधात तंत्रज्ञान नापास होऊ शकतं का?



तुमच्यापैकी काही जण पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अर्धवट आहे, तर काहींना पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला छोटा प्रबंध लिहायचा आहे. सध्या विषय निवडताना तीन शब्दांची फार चलती आहे: समाज, तंत्रज्ञान आणि शाश्वतता. हे तिन्ही शब्द शीर्षकात आले की विषय आधुनिक वाटतो, समितीलाही आवडतो. म्हणूनच आज या प्रकारच्या प्रबंधांबद्दल थोडं टीकेच्या सुरात लिहिते आहे. मी स्वतः विज्ञान शाखेतून आले आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी मोजमापाकडे जातं. टीकाही मुख्यतः मोजमापावरच आहे.

‘शोधगंगा’वर किंवा कृषी विद्यापीठांचे प्रबंध असलेल्या ‘कृषिकोश’वर तासभर घालवा. एक साचा पुन्हा पुन्हा दिसेल: ‘अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांमध्ये तमुक तंत्रज्ञानाचा अवलंब: एक अभ्यास’. तमुकच्या जागी ठिबक सिंचन, शेततळं, सौर पंप, सुधारित चूल, बायोगॅस, हवामानाचं ॲप, काहीही घाला. पहिल्या प्रकरणात ते तंत्रज्ञान किती उपयुक्त आहे ते येतं. मग पूर्वसाहित्य, मग प्रश्नावली, मग तक्ते. निष्कर्ष बहुतेक वेळा असा: शिक्षण, जमीनधारणा आणि कृषी विभागाशी संपर्क जास्त असेल तर अवलंब जास्त. शेवटी शिफारस: जनजागृती करावी, प्रशिक्षण द्यावं.

यामागची मेहनत खोटी नसते. उन्हातान्हात बांधावर जाऊन एकेक प्रश्नावली भरून घेणं सोपं काम नाही. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. या रचनेत तंत्रज्ञान पहिल्याच प्रकरणात पास झालेलं असतं. परीक्षा फक्त माणसाची होते आणि नापास होऊ शकतो तोही माणूसच. शाश्वतता तर तपासलीच जात नाही, ती गृहीत असते.

हा साचा आला कुठून, हे बघण्यासाठी एका विद्यार्थ्याच्याच प्रबंधाकडे जाऊ.

आयोवातला एक शेतकरी

एव्हरेट रॉजर्स हे नाव तुम्ही नेट-सेटच्या अभ्यासात वाचलं असेल. ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे त्यांचं पुस्तक १९६२ साली आलं आणि २००३ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. नवप्रवर्तक, लवकर स्वीकारणारे, आधीचे बहुसंख्य, नंतरचे बहुसंख्य आणि मागे राहणारे, असे पाच गट आपण परीक्षेसाठी पाठ करतो. या सगळ्याची सुरुवात झाली ती रॉजर्स यांच्या पीएचडीतून. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आयोवा स्टेटमध्ये ते शिकत होते आणि १९५७ साली त्यांना पीएचडी मिळाली. तणनाशकासारख्या नव्या गोष्टी शेतकऱ्यांमध्ये कशा पसरतात, हा त्यांचा विषय.

१९५४ साली मुलाखती घेताना त्यांना एक शेतकरी भेटला. रॉजर्स ज्या रासायनिक गोष्टींचा अभ्यास करत होते, त्या सगळ्या त्याने नाकारल्या होत्या. तणनाशक नको, रासायनिक खत नको, जनावरांसाठीचं नवं खाद्य नको, उंदीरनाशकही नको. त्याचं म्हणणं होतं की शेजारी हे सगळं वापरून गाणारे पक्षी आणि जमिनीतली गांडुळं मारताहेत. रॉजर्स यांच्या मोजपट्टीवर या माणसाला सगळ्यात कमी गुण मिळाले आणि तो ‘मागे राहणारा’ ठरला.

मोजपट्टीत कोणकोणत्या गोष्टी घ्यायच्या, हे रॉजर्स यांनी विद्यापीठातल्या शेतीतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवलं होतं. म्हणजे ‘नवं स्वीकारण्याची वृत्ती’ या नावाखाली प्रत्यक्षात मोजलं जात होतं ते इतकंच, की विद्यापीठाची शिफारस कोण किती पाळतो. पुढे रसायनांचे परिणाम समोर आले, सेंद्रिय शेतीला मान मिळाला, आणि त्याच शेतकऱ्याकडे काळाच्या फार पुढे असलेला माणूस म्हणून बघता येऊ लागलं. माणूस बदलला नव्हता, त्याचं उत्तरही तेच होतं.

रॉजर्स यांना श्रेय द्यायला हवं, कारण ही गोष्ट आपल्याला त्यांच्याच पुस्तकातून कळते. नवं ते चांगलंच आणि सगळ्यांनी ते लवकरात लवकर स्वीकारावं, या आपल्या क्षेत्रातल्या कलाची त्यांनी पुढच्या आवृत्त्यांमध्ये उघड चर्चा केली. गंमत अशी की आपण त्यांचे पाच गट उचलले आणि त्यांनीच दिलेला इशारा तिथेच ठेवला.

याचा अर्थ नकार देणारा शेतकरी नेहमी शहाणाच असतो, असंही नाही. रॉजर्स यांच्या वडिलांनी संकरित मक्याला वर्षानुवर्षं नकार दिला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. म्हणजे एक नकार चुकीचा होता, दुसरा विचार करण्यासारखा होता. मोजपट्टी मात्र दोन्ही नकारांना सारखेच गुण देते, शून्य. नकारामागचं कारण ऐकायला तिच्यात जागाच नाही.

‘बहुसंख्य मध्यम गटात’

आता थोडं गणित. अवलंबाच्या प्रबंधांत एक पद्धत सर्रास दिसते. प्रत्येक शेतकऱ्याचा एकूण गुणांक काढायचा, सगळ्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं, मग तीन गट पाडायचे. सरासरी वजा एक प्रमाण विचलन याच्या खाली ‘कमी’, सरासरी अधिक एक प्रमाण विचलन याच्या वर ‘जास्त’, आणि मधले ‘मध्यम’. त्यानंतर निष्कर्षात वाक्य येतं: ‘बहुसंख्य प्रतिसादक मध्यम अवलंब गटात आढळले.’

बीएस्सीचं संख्याशास्त्र आठवा. गुणांकांचा आलेख साधारण घंटेच्या आकाराचा असेल, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के निरीक्षणं येतात. म्हणजे १२० शेतकरी घेतले तर साधारण ८२ मध्यम, १९ कमी आणि १९ जास्त. हे शेतात जाण्याआधीच सांगता येतं. सगळ्यांनी ठिबक उत्तम वापरलं तरी ‘मध्यम’ जास्त येणार आणि सगळ्यांनी वाईट वापरलं तरी ‘मध्यम’च जास्त येणार. हा निष्कर्ष गावाबद्दल काहीच सांगत नाही. तो आपण घंटा कुठे कापली एवढंच सांगतो.

रॉजर्स यांचे पाच गटही असेच पडले आहेत. २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ टक्के हे आकडे घंटेच्या आकाराच्या आलेखावर सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या रेषा मारून आलेले आहेत. त्यामुळे ‘मागे राहणारे १६ टक्के’ प्रत्येक गावात निघणारच. शंभर जणांनी एखादी गोष्ट दोन वर्षांत स्वीकारली तरी त्यातले शेवटचे सोळा जण ‘मागे राहणारे’. हे विशेषण त्यांच्या स्वभावातून नाही, सूत्रातून येतं. पण पुढच्या प्रकरणात आपण त्यांच्या स्वभावाची कारणं शोधायला लागतो: शिक्षण कमी, जोखीम घेण्याची तयारी कमी, परंपरावादी.

उपाय साधा आहे. गट पाडायचेच असतील तर त्यांची सीमा शेतीतून काढा. उदाहरणार्थ, फिल्टर किती दिवसांनी धुतला जातो, नळ्या किती हंगाम टिकल्या, ठिबक बसवूनही मोकळं पाणी सोडलं जातं का. अशा सीमेवर सगळेच्या सगळे ‘कमी’मध्येही येऊ शकतात आणि सगळेच्या सगळे ‘जास्त’मध्येही. तेव्हाच आकडा काहीतरी बोलतो.

आयबीएममधून बांधावर आलेली प्रश्नावली

व्यवस्थापन किंवा माहिती तंत्रज्ञानाच्या बाजूने येणाऱ्यांचा आवडता साचा वेगळा आहे: ‘टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल’. फ्रेड डेव्हिस यांचा त्यावरचा गाजलेला शोधनिबंध १९८९ चा. वस्तू उपयुक्त वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून माणूस ती वापरेल की नाही हे सांगायचं, अशी कल्पना. कल्पना साधी आणि चांगली आहे. पण त्या निबंधातली मोजपट्टी कोणावर तपासली होती ते बघा. आयबीएम कॅनडाच्या टोरांटो प्रयोगशाळेतले ११२ जण आणि बोस्टन विद्यापीठात संध्याकाळी एमबीए करणारे ४० विद्यार्थी. वस्तू होत्या ईमेल, फाइल लिहिण्याचा प्रोग्रॅम आणि आलेख-चित्रं काढण्याचे प्रोग्रॅम.

टेबलावर संगणक आहे, वीज आहे, पैसे कंपनीने भरलेत, बिघडलं तर माणूस येतो. अशा ठिकाणी ‘वापरायला सोपं वाटतं का’ हा प्रश्न बरोबर आहे. हीच वाक्यं मराठीत आणून ठिबकच्या शेतकऱ्याला विचारली की काय होतं? ‘हे तंत्रज्ञान मला सोपे वाटते: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.’ शेतकरी सभ्यपणे म्हणतो, ‘सहमत लिहा.’ ठिबक त्याला सोपंच वाटतं. अडचण दुसरीकडे आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते. क्षार साचून ड्रिपर चोक होतात. उंदीर नळ्या कुरतडतात. अनुदान हातात पडेपर्यंत दुकानदाराचे पैसे आधी भरावे लागतात. यातला एकही प्रश्न त्या पाच खान्यांत बसत नाही, म्हणून तो विचारलाच जात नाही.

मग आपण क्रॉनबॅक अल्फा काढतो, तो ०.८ च्या वर आला की खूश होतो. अल्फा एवढंच सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांशी जुळतात. ते त्या माणसाच्या जगण्याशी जुळतात का, हे तो सांगत नाही. एकच चुकीचा प्रश्न सहा प्रकारे विचारला तरी अल्फा छान येतो.

वापर म्हणजे एकदाची खूण नव्हे

आणखी एक सवय म्हणजे अवलंब ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये मोजणं. उज्ज्वला योजनेचं उदाहरण घ्या. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात ती सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींची जोडणी आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला दिली गेली. ‘हो-नाही’ने मोजलं तर हे प्रचंड यश आहे, आणि इतक्या घरांत शेगडी पोचणं खरंच छोटी गोष्ट नाही. पण कॅगच्या २०१९ च्या अहवालात दुसरा आकडा आहे. डिसेंबर २०१८ अखेर ज्या ३.१८ कोटी लाभार्थ्यांचं एक वर्ष पूर्ण झालं होतं, त्यांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. अनुदान वर्षाला १२ सिलिंडरपर्यंत मिळत होतं. म्हणजे अशा कितीतरी घरांत शेगडीही आहे आणि चूलही पेटते आहे. तुमच्या प्रश्नावलीत हे घर ‘हो’च्या खान्यात जाईल आणि स्वयंपाकघरातला धूर कुठेच नोंदला जाणार नाही.

सुधारित चुलींबाबतही हेच दिसलं. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात चार वर्षांपर्यंत घरांचा माग ठेवला. पहिल्या वर्षी धूर कमी फुफ्फुसात गेला, पुढे तो फायदा उरला नाही. लोक चूल नियमित वापरत नव्हते, दुरुस्त करत नव्हते, आणि वापर हळूहळू घटत गेला. प्रयोगशाळेत चांगली ठरलेली चूल घरात चांगली ठरेलच असं नाही. या अभ्यासात तंत्रज्ञानाला नापास व्हायची मुभा होती, म्हणून तो वाचण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी थांबले असते तर यशोगाथा छापली गेली असती.

तुमच्याकडे चार वर्षं नाहीत, मान्य. पण तीन वर्षांपूर्वी ज्यांना वस्तू मिळाली अशी घरं तर शोधता येतात. त्यांच्याकडे ती वस्तू आज कुठे आहे, चालू आहे, माळ्यावर आहे की भंगारात गेली, एवढं बघितलं तरी प्रबंध वेगळा होईल.

शाश्वत कोणासाठी?

आता तिसरा शब्द. इथे आपलं शेततळं घेऊ. राज्यात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. मूळ कल्पना अशी की वाहून जाणारं पावसाचं पाणी शेतात अडवायचं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखादं पाणी द्यायचं. प्रत्यक्षात दुष्काळी पट्ट्यात अनेक ठिकाणी काय होतं, ते तुमच्यापैकी गावाकडच्यांना ठाऊक आहे. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून ठेवतात. उन्हाळ्यात डाळिंब, द्राक्षं जगतात. पण जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात साठवलं जातं, त्यातलं काही उन्हाने उडून जातं, आणि ज्याची विहीर उथळ आहे तो आधी कोरडा पडतो.

आता अवलंबाचा प्रबंध करा. कागदाचं तळं असलेला शेतकरी प्रगतिशील, गुणांक जास्त. विहीर आटलेला शेजारी अवलंब न करणारा, गुणांक कमी. कारणं काय, तर जमीन कमी, शिक्षण कमी, संपर्क कमी. शिफारस काय, तर त्यालाही तळ्यासाठी प्रवृत्त करावं. शेजाऱ्याची विहीर आटण्यात त्या तळ्याचा वाटा असू शकतो, ही शक्यता प्रबंधात येतच नाही, कारण आपण एकेका शेतकऱ्याला सुटं मोजलं. पाणी मात्र सातबारा बघून वाहत नाही.

पाणलोट हे एकक घेतलं की प्रश्नच बदलतो. ठिबकचंही तसंच आहे. एकरी पाणी वाचतं हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बागायत झाली, तर विहिरीतला उपसा कमी होत नाही. १८६५ मध्ये जेव्हन्स यांनी इंग्लंडच्या कोळशाबद्दल हाच मुद्दा मांडला होता: इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागेल, असं नाही. तेव्हा ‘शाश्वत’ हा शब्द लिहिताना सोबत दोन गोष्टी लिहाच. कोणत्या हद्दीत, आणि किती वर्षांसाठी.

मग करायचं काय?

‘ताई, हे सगळं ठीक, पण गाइडला तोच साचा हवाय आणि हातात वर्ष-दीड वर्ष आहे,’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यात तथ्य आहे. साचा मोडायला मी सांगत नाही. त्याच्या आत राहून चार गोष्टी करता येतात.

१. उद्दिष्टांमध्ये एक असं उद्दिष्ट घाला ज्याचं उत्तर तंत्रज्ञानाच्या विरोधात जाऊ शकेल. ‘ठिबकच्या अवलंबाचा अभ्यास करणे’ याच्या जोडीला ‘ठिबक बसवलेल्या शेतांतील एकूण पाणी उपशातील बदल तपासणे’.

२. नकार देणाऱ्यांना आणि सोडून देणाऱ्यांना नमुन्यात मुद्दाम जागा द्या. घेऊन सोडलेला माणूस सगळ्यात जास्त सांगतो, कारण त्याने वस्तू वापरलेली असते.

३. प्रश्नावली छापण्याआधी दहा जणांशी प्रश्नावलीशिवाय बोला. अडचणींचे शब्द त्यांच्याकडून घ्या. घरात वस्तू वापरणारी व्यक्ती आणि पैसे देणारी व्यक्ती वेगळी असेल तर दोघांशीही बोला. चुलीबद्दल फक्त कुटुंबप्रमुखाला विचारलेला प्रबंध अर्धाच असतो.

४. एक तरी गोष्ट मताने नाही, मापाने नोंदवा. सिलिंडरच्या पावत्या, वीजबिल, विहिरीची पाणीपातळी, नळ्यांचं वय. विज्ञानवाल्यांनो, इथे तुमचा उपयोग आहे. मतांच्या तक्त्यावर आणखी एक टेस्ट लावण्यापेक्षा विहिरीत टेप सोडणं जास्त कामाचं.

आंतरविद्याशाखीय म्हणजे एका प्रबंधात तीन शाखांची तीन प्रकरणं नव्हेत. एका शाखेला दुसऱ्या शाखेचं म्हणणं खोडून काढता आलं पाहिजे. पाण्याच्या मोजणीने ‘प्रगतिशील शेतकरी’ या गटावर प्रश्न उभा केला पाहिजे, आणि शेजारणीच्या बोलण्याने अभियंत्याच्या कार्यक्षमतेच्या आकड्यावर.

यात डाव आपल्या पदवीचाच आहे असं नाही. तुम्ही ज्या १२० जणांकडे जाल, त्यांच्यापैकी बहुतेकांचं म्हणणं कागदावर येण्याची ही एकमेव वेळ असेल. पुढे एखाद्या अहवालात तुमचा तक्ता उतरवला जाईल, त्यावरून प्रशिक्षणाचे कार्यक्रम ठरतील. आयोवातल्या त्या शेतकऱ्याचं कारण आज आपल्याला माहीत आहे, कारण मुलाखत घेणाऱ्याने ते लक्षात ठेवलं आणि पुढे लिहिलं. आपल्याकडच्या प्रश्नावल्यांमध्ये शेवटी ‘इतर काही सूचना’ अशी एक ओळ असते आणि ती बहुधा रिकामीच राहते. ती ओळ पानभर करा आणि तिथे जे येईल त्यासाठी निष्कर्षात एक विभाग आधीच राखून ठेवा.

सिनॉप्सिस सादर करण्याआधी शीर्षकातला प्रश्न एकदा स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर शीर्षक तसंच ठेवून उद्दिष्टं पुन्हा लिहायला घ्या, आठवडाभराचं काम आहे. पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल बोलू, खास करून सोडून देणारी माणसं शोधायची कशी यावर.